आयटीआय इलेक्ट्रिशियन झालो, आता सोलापुरातच हात बसवायचा का चाकणची गाडी धरायची?

मोहोळचा_पोरगा

नमस्कार मंडळी, यंदा माझं आयटीआय झालं, इलेक्ट्रिशियन ट्रेड, दोन वर्षं. मार्क बरे पडलेत पण खरं सांगू का, हात बसलेला नाही. बोर्डावर वायरिंग केली, जिन्याच्या लाईटचं टू-वे कनेक्शन केलं, ट्यूबलाईट जोडली, आणि मोटर एकदाच उघडली ती पण सात जणांत मिळून, त्यातले तिघं तर नुसतं मोबाईलवर शूटिंग करत होते. परवा शेजारच्या मावशींनी फॅन हळू फिरतोय बघ म्हणून बोलावलं तर मी स्टुलावर चढून नुसता बघतच बसलो, शेवटी खालून मावशींचा बारका पोरगाच म्हणाला दादा कंडेन्सर बदला की. आणि खरंच तेच होतं. लाज वाटली राव.

तर आता पुढं तीन रस्ते दिसायलेत. एक, चिंचोळी एमआयडीसीत एक कंपनी अप्रेंटिसला घेतो म्हणतीय, एक वर्ष, महिना सात हजार, घरापासून जवळ हाय, गाडीवर जाता येतं. दुसरं म्हणजे मामाच्या ओळखीचे एक वायरमन आहेत जुळे सोलापुरात, त्यांची बंगल्यांची अपार्टमेंटची कामं चालू असतात, हेल्पर म्हणून ये म्हणतात, रोज साडेचारशे पण काम असेल तेव्हाच. आणि तिसरं, बॅचमधला मित्र चाकणला गेलाय तो म्हणतो ये इकडं, कॉन्ट्रॅक्टवर सोळा हजार हातात, पण तू करतोस काय तिथं विचारलं तर लाईनवर उभं राहून स्क्रू आवळतो म्हणे, इलेक्ट्रिकलचं काहीच नाही. वडील म्हणतात हे सगळं राहू दे, महावितरण नाहीतर रेल्वेचे फॉर्म भर आणि घरी अभ्यासाला बस.

सोळा हजार ऐकलं की मन तिकडं ओढतंय, खोटं कशाला बोलू, घरी बहिणीचं कॉलेज चालू आहे. पण मग दोन वर्षं शिकलो त्याचं काय. आणि ते परवान्याचं प्रकरण काय असतं, जो तो पीडब्ल्यूडी लायसन्स पीडब्ल्यूडी लायसन्स म्हणतो. सुरुवातीला हत्यारं कुठली घ्यावीत ते पण सांगा, बजेट फार नाही.


सातरस्त्याचा_वायरमन

बाळ, तुझी फॅनची गोष्ट वाचून हसू आलं, मनाला लावून घेऊ नको. मी पहिल्या वर्षी एका घरात तासभर बेलचा फॉल्ट शोधत होतो आणि निघालं काय तर त्या लोकांनी स्वतःच बटण काढून ठेवलं होतं.

मी हे काम धरलं तेव्हा लाकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपा मारून वायर न्यायचे दिवस होते. उस्तादानं पहिले सहा महिने मला टेस्टरला हात लावू दिला नाही, नुसती झिरी मारायची, पाईप टाकायचा, स्प्रिंग घालून वायर ओढायची, रात्री भाकरी मोडताना हात उघडत नव्हते. मनातल्या मनात लय शिव्या घातल्या त्याला. पण आज कुठल्याही घरात गेलो की नुसत्या भिंतीकडं बघून आत पाईप कुठून गेला असेल ते सांगतो, ती त्या सहा महिन्यांची कमाई. त्यामुळं हेल्परकीला नाव ठेवू नको. फक्त रोज किती देतो हे विचारायच्या आधी माणूस शिकवतो का ते बघ. खूण सांगतो, फॉल्ट काढायच्या वेळी तुला शेजारी उभा करतो का चहा आणायला पाठवतो. चहाला पाठवणारे लय आहेत आपल्याकडं, कारण त्यांना वाटतं उद्या हाच पोरगा आपलं गिऱ्हाईक घेऊन जाईल.

आता एक गोष्ट सांगतो ती नीट वाच. विजापूर रोडला एका बंगल्यात बोर्ड बदलायचा होता. मेन पाडला, एसीच्या लाईनला टेस्टर लावला, मेलेली. म्हणलं झालं, आणि त्याच बोर्डातली लाईट-फॅनची तार बिनधास्त धरली. ती होती इन्व्हर्टरवर. मेन पाडला की इन्व्हर्टर आपोआप चालू होणार हे पोराटोरांना पण माहीत असतं, पण त्या दिवशी घाई होती. स्टुलावरून खाली आलो, खांद्याला अजून थंडीत कळ येते. तेव्हापासून प्रत्येक तार वेगळी तपासतो. आधी चालू पॉइंटवर टेस्टर पेटतो का ते बघायचं, मग बंद केलेल्या तारेवर लावायचा, मग परत चालू पॉइंटवर, म्हणजे मधेच टेस्टर मेला नाही ना ते कळतं. आणि नुसत्या टेस्टरवर राहू नको, न्यूट्रल तुटला असेल तर टेस्टर खुशाल पेटतो पण बल्ब काय लागत नाही. टेस्ट लॅम्प लाव, लगेच कळतं.

हत्यारं म्हणशील तर इन्सुलेशनवाली चांगली पक्कड एक, पेचकस दोन, टेस्टर, हातोडी-छन्नी, आणि टेस्ट लॅम्प, तो घरीच बनव, होल्डर, बल्ब, दोन वायरी. मल्टिमीटर पहिल्या पैशातून घे. ड्रिल मशीन आत्ता अजिबात घेऊ नको, उस्तादाचं वापर.

परवान्याचं असं आहे की पीडब्ल्यूडी हे जुनं नाव लोकांच्या तोंडात बसलंय. काम विद्युत निरीक्षकांच्या खात्याकडचं आहे. खाली तारतंत्री म्हणजे वायरमनचा परवाना, वर पर्यवेक्षक, त्याच्या वर कंत्राटदार. आम्हा बिगरआयटीआयवाल्यांना चाळिशीत पोरासारखं पुस्तक घेऊन परीक्षेला बसावं लागलं, तुमचं त्या मानानं सोपं आहे, सर्टिफिकेटं घेऊन त्यांच्या ऑफिसात जाऊन सध्या काय कागद लागतात ते विचारून ये. आज तुला त्याचं महत्त्व वाटणार नाही. पण नवीन मीटरच्या अर्जाला लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो. मी किती वर्षं घरं वायरिंग करून द्यायचो आणि सहीला दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहायचो. तो पंख्याखाली बसून सही मारायचा आणि पैसे मोजून घ्यायचा.


पुणेवासी_सोलापूरकर

सोलापुरात काय ठेवलंय लेका, चाकणला ये. सोळा हजार पहिल्या महिन्यापासून. सहा महिन्यांत ओटी धरून वीस होतात. सात हजारात पेट्रोल तरी भागणार हाय का?


लूम_मेंटेनन्स

वरच्या भावाला एकच विचारतो, सोळातले खोलीभाडं मेस आणि महिन्यातून एकदा गावाकडची गाडी धरली की हातात किती उरतात ते पण लिही की. आणि कॉन्ट्रॅक्ट संपलं की बायोडेटात काय लिहिणार, स्क्रू आवळले?

मोहोळकर भावा, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, बारा वर्षं झाली. माझं मत अप्रेंटिस कर. कंपनी तुला लय काय देईल म्हणून नाही, तर आयटीआयच्या वर्गात जी गोष्ट फळ्यावर बघितली ती तिथं रोज बंद पडते म्हणून. बंद पडल्याशिवाय इलेक्ट्रिशियन शिकत नाही.

माझीच गोष्ट सांगतो. नवीन होतो, एका शेडमध्ये मोटर सारखी ट्रिप व्हायची. ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करतो तो) पडायचा, मी रिसेट मारायचो, दहा मिनिटांनी परत. शिफ्टचा माणूस ओरडायला लागला, उत्पादन थांबलंय म्हणून. मी काय केलं, रिलेचा आकडा वाढवून ठेवला. ट्रिप व्हायची बंद झाली, माझी पाठ थोपटली सगळ्यांनी. तिसऱ्या दिवशी मोटर जळाली, वास अख्ख्या शेडमध्ये. बेअरिंग जाम होतं. रिले बिचारा तेच सांगत होता आणि मी त्याचंच तोंड बंद केलं होतं. फोरमन काही बोलला नाही, फक्त जळालेली मोटर सायकलवर बांधून वाइंडिंगच्या दुकानात मलाच न्यायला लावली, भर मे महिन्यात. आता माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक पोराला आधी मोटरची नेमप्लेट वाचायला लावतो. त्यावर अँपिअर लिहिलेले असतात, क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेजला किती जातंय ते बघ, मग रिलेला हात लाव.

आपल्याकडं आणखी एक भानगड म्हणजे कापसाची धूळ. पॅनेलमध्ये शिरते, कॉन्टॅक्टरवर (कॉइलनं ओढला जाणारा मोटरचा मोठा स्विच) बसते, ढिल्या टर्मिनलला ठिणगी पडली की खेळ खल्लास. रविवारी पॅनेल बंद करून ब्लोअर मारायचा आणि एकेक स्क्रू आवळायचा हे काम नवीन पोरांना हलकं वाटतं. पण कुठला स्क्रू काळा पडलाय, कुठल्या केबलची साल कडक झालीय, हे त्यातच कळतं, पुढच्या महिन्यात कुठं बंद पडणार त्याचा अंदाज येतो. (हो, मी पण वर स्क्रू आवळण्याची चेष्टा केली. पण हे स्क्रू वेगळे.)

इंटरव्ह्यूला काय विचारतात तर बहुतेक वेळा कोरा कागद पुढं करतात आणि म्हणतात स्टार-डेल्टा काढ, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत चालू करून मग डेल्टात टाकायचं सर्किट. पॉवर आणि कंट्रोल दोन्ही. नुसतं पाठ करून जाऊ नको. स्टारमध्ये चालू करताना प्रत्येक वाइंडिंगला ४१५ च्या जागी साधारण २४० व्होल्ट मिळतात आणि लाईनमधून करंट डेल्टाच्या तिसरा हिस्सा जातो, म्हणून मोठी मोटर झटका न देता उठते, हे समजून सांगता आलं पाहिजे. आणि स्टारचा नि डेल्टाचा कॉन्टॅक्टर एकदम ओढले तर काय होईल विचारतील. तिन्ही फेज डायरेक्ट शॉर्ट. त्यासाठी इंटरलॉक, म्हणजे एक ओढलेला असताना दुसरा ओढूच नये अशी जोडणी. एवढं नीट सांगितलंस तर मार्कलिस्ट कोण बघत नाही.

पगाराचं म्हणशील तर कायदा १९६१ चा आहे आणि २०१९ साली नियम बदलले तेव्हा आयटीआयवाल्याला किमान ७००० ठरले, त्याच्यापेक्षा जास्त द्यायला कंपनीला कोणी अडवलेलं नाही, विचारून बघ. पण सही करायच्या आधी एक खात्री कर की करार अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर होतोय आणि त्यात ट्रेड इलेक्ट्रिशियनच लिहिलाय. काही ठिकाणी नाव अप्रेंटिस आणि काम माल चढवायचं. वर्षाच्या शेवटी परीक्षा असते, पास झालास की राष्ट्रीय अप्रेंटिसशिपचं सर्टिफिकेट मिळतं. करार पोर्टलवर नसेल तर ते मिळणार नाही, मग नुसता कंपनीचा दाखला घेऊन बसशील. काही अडलं तर आयटीआयमध्ये अप्रेंटिसशिपचं काम बघणारा बीटीआरआयचा विभाग असतो, तिथल्या सरांना भेट.


मोहोळचा_पोरगा

काका, दादा, दोघांचे आभार. इन्व्हर्टरचं वाचून अंगावर काटा आला, आमच्या घरी पण आहे आणि मी मेन पाडून खुशाल बोर्ड उघडायचो.

कंपनीत फोन करून विचारलं, करार पोर्टलवरच होणार म्हणाले. ट्रेडचं विचारल्यावर तो साहेब जरा गप झाला मग म्हणाला इलेक्ट्रिशियनच, तुला कोण शिकवतंय रे एवढं विचारायला. आता सांगा हे चांगलं लक्षण का वाईट 😅

स्टार-डेल्टा काल रात्री काढून बघितलं, पॉवर जमलं, कंट्रोलला टायमर कुठं टाकायचा तिथं अडकलो.


लूम_मेंटेनन्स

चांगलं लक्षण. टायमरचं स्वतःच शोध, सांगणार नाही.


तार_जोडणारी

मोहोळचे दादा, मी पण आयटीआय इलेक्ट्रिशियन, आमच्या बॅचला तीन मुली होतो. तुम्हाला तीन रस्ते दिसायलेत, मला एकही दिसत नव्हता. कंपनीत गेलं की रात्रपाळीचं कारण सांगायचे, वायरमनकडं गेलं की शिडीचं. एक जण म्हणाला ताई तुम्ही दुकानात काउंटरला बसा की. शेवटी भवानी पेठेतल्या एका वाइंडिंगवाल्या आजोबांनी ठेवून घेतलं कारण त्यांना बारीक हाताचं माणूस पाहिजे होतं, ते तसंच म्हणाले, मला राग पण आला आणि बरं पण वाटलं.

तर चौथा रस्ता म्हणून लिहितेय. वाइंडिंग. आपल्या गावात पॉवरलूम आहेत, शेतात बोअरच्या मोटरी आहेत, आणि पाणी चार-पाच दिवसांनी येतं त्यामुळं घरोघर पाण्याची मोटर आहे, सगळ्या जळतात. जळालेल्या मोटरीचं वाइंडिंग काढताना आधी मोजायचं, स्लॉट किती, एका कॉइलला वेढे किती, तारेचा गेज किती, पिच किती, आणि हे सगळं वहीत लिहायचं, कारण एकदा जुनी तार कापून टाकली की विचारायला कोणी नाही. आजोबांच्या अशा अकरा वह्या आहेत, कपाटाला कुलूप असतं. नंतर कागद घालून कॉइल बसवायची, जोड करायचे, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बॉडीला लीकेज नाही ना बघायचं, वार्निश करून भाजायचं. दीड वर्ष केलं मी हे. त्याचा फायदा असा झाला की आता मोटर नुसती ऐकून कळतं. गुं गुं करते पण फिरत नाही, हातानं ढकलली तर फिरते, म्हणजे बहुतेक कपॅसिटर (कंडेन्सर म्हणतात तोच). गुं गुं करते आणि हातानं पण फिरत नाही, तर जाम. काहीच आवाज नाही, तर आधी सप्लाय बघा, मोटर उघडू नका. (मावशींच्या फॅनचं पण हेच, हळू फिरतोय म्हणजे बऱ्याचदा त्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर उतरलेला असतो.)

आता मी सोलारमध्ये आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८००० पर्यंत सबसिडी, तेव्हापासून काम वाढलंय, आणि आपल्याकडं उन्हाचं काय कौतुक सांगायचं. सूर्यमित्र म्हणून तीन महिन्यांचं सरकारी ट्रेनिंग असतं, फी नाही, आयटीआयवाले चालतात, बॅच निघाली की बघा. पण सोलारला आलात तर एक गोष्ट घरच्या वायरिंगसारखी नाही. ऊन आहे तोवर पॅनेल बंद होत नाही. तुम्ही खाली एमसीबी पाडा नाहीतर मेन पाडा, वरून येणाऱ्या वायरीत व्होल्टेज असतंच, आणि सात-आठ पॅनेल सिरीजमध्ये असले की ३०० व्होल्टच्या वर डीसी. लोड चालू असताना कनेक्टर ओढून काढला तर आर्क पडतो आणि एसीसारखा तो पटकन विझत नाही. आमच्यातल्या एकाचा हातमोजा चिकटला होता, हात वाचला.

बायकांना काम मिळत नाही म्हणणाऱ्यांसाठी, दुपारी घरी एकट्या असणाऱ्या किती जणी मलाच बोलावतात ते सांगत बसत नाही. माझा नंबर जिन्यात चिकटवलाय त्यांनी.


फॉर्म_भरणारा

वडिलांच्या मुद्द्यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. फॉर्म जरूर भर पण घरी बसून नको. महावितरणची विद्युत सहाय्यकची २०२३ च्या शेवटी जाहिरात आली ५३४७ जागांची, त्याच्या आधीची २०१९ ची, मधली वर्षं पोरं नुसती वाट बघत बसली. लागलास तरी पहिली तीन वर्षं मानधन, त्या जाहिरातीत १५, १६, १७ हजार असं होतं, मग तंत्रज्ञ म्हणून कायम. माझ्याबरोबरचा एक जण त्या वाट बघण्यात २७ ची वयाची अट ओलांडून बसला, त्याला अजून कोणी विचारलं की विषय बदलतो.

रेल्वेचं वेगळं आहे. मध्य रेल्वेची अप्रेंटिसची जाहिरात निघते त्यात सोलापूर विभाग असतो, कुर्डुवाडीचा वर्कशॉप पण. परीक्षा नसते, दहावीचे आणि आयटीआयचे मार्क धरून यादी लागते, तुझे मार्क बरे आहेत म्हणतोस तर नक्की भर. कायम नोकरीची हमी नाही त्यात, पण रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना लेव्हल वनच्या (जुन्या ग्रुप डीच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. मात्र एकाच ट्रेडची अप्रेंटिसशिप दोनदा करता येत नाही. म्हणजे आत्ता कंपनीत केलीस तर रेल्वेची गेली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मुद्दाम सांगतोय. विचार करून सही कर.

आणि दहावीनंतरचं दोन वर्षांचं आयटीआय असेल तर पॉलिटेक्निकला डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, ते पण डोक्यात ठेव.


पूर्वभागातली_काकू

मी काही या लाईनमधली नाही, पण तुमच्या लोकांना फोन करून करून थकलेली बाई आहे म्हणून बोलते. आमच्याकडं पाणी पहाटे चारला येतं. चारला मोटर चालू होईना, तीन जणांना फोन लावले, एकानं उचलला नाही, एक म्हणाला दहाला येतो, दहाला पाणी जातं ओ! तिसरा पोरगा अंघोळ न करता आला, वीस मिनिटांत कपॅसिटर बदलला आणि गेला. त्याला मी आमच्या गल्लीतली सहा घरं दिली.

बाकी आम्हाला काय कळत नाही तुमच्यातलं, पण भिंत फोडून झाल्यावर माती कोण भरतो ते कळतं. तो पोरगा पिशवीत स्वतःचा झाडू घेऊन येतो. आणि आधीच्या एका वायरमननं आमच्या एसीला लाईटचीच बारीक वायर ओढली होती, बोर्ड वितळून काळा झाला, तेव्हा कळलं की एसीला चार एमएमची लागते. बिल मात्र जाड वायरीचं लावलं होतं. त्याला आता कोणी बोलवत नाही, आमच्यात तेलुगूत, कन्नडात, मराठीत, तिन्ही भाषांत पसरलंय ते.


पॉइंट_मोजणारा

पैशाचं पण बोला जरा. हेल्पर म्हणून गेलास तर हजेरी स्वतःच्या वहीत लिही, रोजच्या रोज, साईटचं नाव, तारीख, काय केलं. मी एका कॉन्ट्रॅक्टरकडं आठ महिने केलं, शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे बिल्डरचं बिल आलं की देतो म्हणाला, अजून यायलंय ते बिल. माझ्याकडं लिहिलेलं काहीच नव्हतं.

स्वतःचं काम घेशील तेव्हा मजुरी वेगळी, माल वेगळा. मजुरी पॉइंटवर ठरव, पण पॉइंट म्हणजे काय ते आधी मालकाला दाखव, नाहीतर शेवटी तो एका बोर्डाला एक पॉइंट मोजतो आणि तू प्रत्येक स्विचला. मालाला ॲडव्हान्स घे, स्वतःच्या खिशातून वायरचं बंडल आणायचं नाही. आणि दुकानदार कमिशन देतात ते घ्यावं का नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी घेतो, कारण मजुरीत भागत नाही.


सातरस्त्याचा_वायरमन

कमिशन घेतोस ते घे बाबा पण मग दुकानदार सांगेल ती वायर बसवावी लागते. काकूंच्या एसीत काय झालं असेल ते मला न बघता कळलं. मी मजुरी जास्त सांगतो आणि मालकाला म्हणतो चला माझ्याबरोबर दुकानात, बिल तुमच्या नावावर. काही गिऱ्हाईकं जातात. जाऊ देत.


पॉइंट_मोजणारा

काका तुमचं नाव झालंय म्हणून जमतं. आमच्यासारख्याला जास्त मजुरी सांगितली की माणूस दारातूनच परत पाठवतो.


सातरस्त्याचा_वायरमन

हे मात्र खरं आहे. मला पण पहिली दहा वर्षं जमलं नव्हतं.


मोहोळचा_पोरगा

सगळ्यांचं दोनदा वाचलं, वडिलांना पण वाचून दाखवलं. ते फॉर्मवाल्या दादांचं ऐकून गप बसले, मग म्हणाले आधी रेल्वेची यादी लागू दे. तर ठरलंय असं की चिंचोळीच्या कंपनीला पंधरा दिवस थांबा म्हणून सांगितलंय, ते तयार झालेत, पोर्टलवर सही अजून केलेली नाही. रेल्वेची जाहिरात तोवर आली तर भरणार, नाही आली तर कंपनीत. चाकणच्या मित्राला नाही कळवलं, तो म्हणाला बरं झालं, मीच परत यायचा विचार करतोय.

मामाच्या ओळखीचे वायरमन म्हणाले रविवारी साईट चालू असते, सुट्टीच्या दिवशी ये, रोज देईन. त्यांना सरळ विचारलं फॉल्ट काढताना शेजारी उभं करणार का. ते हसले, म्हणाले आधी झिरी मार. मावशींकडं पण जाऊन आलो, त्यांच्या दुसऱ्या फॅनचा कपॅसिटर मीच बदलला, त्यांनी पन्नास रुपये आणि शेंगा चटणी दिली.

टायमरचं पण कळलं दादा. स्टारच्या कॉइलच्या आधी टायमरचा एनसी (एरवी जोडलेला असतो तो कॉन्टॅक्ट) टाकायचा आणि डेल्टाच्या आधी एनओ (एरवी उघडा असतो तो), आणि दोघांना एकमेकांचा एनसी.


लूम_मेंटेनन्स

बरोबर. आता रिव्हर्स-फॉरवर्ड काढ.


सातरस्त्याचा_वायरमन

रविवारी साईटवर चपला घालून जाऊ नको, बूट घाल. आणि फोटो काढत बसू नको, पाईप धर.